तिसऱ्यांदा विचारायचं नाही

"आजारी वैमानिक कण्हतो, छातीवर हात ठेवतो, मान टाकतो, असं तुम्हाला वाटत असेल तर ते सिनेमात," मास्तर वर्गात म्हणाले होते. "खरा आजारी माणूस बरोबर उत्तरं देतो. म्हणून शेजारच्याचं उत्तर ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा हात बघा. दोनदा विचारा. दुसऱ्यांदाही तोंड एक सांगतंय आणि हात दुसरंच, असं दिसलं, तर तिसऱ्यांदा विचारायचं नाही. कंट्रोल आपल्याकडे घ्यायचा. शेजारी कोण बसलंय ते बघायचं नाही."

तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. त्या वयात पोरांना आगी हव्या असतात, वादळं हवी असतात, हवेत बंद पडलेलं इंजिन हवं असतं. बरोबर उत्तर देणाऱ्या आजारी माणसात कसली आलीय गंमत? वर्ग सुटल्यावर चहाच्या टेबलावर तिनं मास्तरांची नक्कल केली, मैत्रिणीचा पंजा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाली, "मास्तर आता भविष्य सांगायला लागले. तुझ्या हातावर परदेशप्रवास आहे." सगळे हसले. मास्तर पलीकडच्या टेबलावर चहा पीत होते. त्यांनी ऐकलं की नाही, ते तिला कधीच कळलं नाही.

मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. हुद्दा मोठा होता, खांद्यावर भरपूर काही होतं, पण मालवाहू विमानांच्या त्या तुकडीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून ते मास्तर. तोंडावर सगळे 'सर' म्हणायचे. "लढाऊ वैमानिकांचे फोटो भिंतीवर लागतात," ते नव्या पोरांना सांगायचे, "आपली मात्र लोक वाट बघतात. काय हवंय ते आजच ठरवा."

तिचं 'चिमणी' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. उंची जेमतेम नियमात बसणारी. पहिल्या दिवशी खुर्ची पार पुढं ओढली, तरी पायाखालच्या पट्ट्या दाबताना तिची टाच उचलली जात होती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी घरून एक उशी आणून तिच्या पाठीमागं खोचली. "चिमणीला घरट्यात दोन काड्या जास्त लागतात," एवढंच म्हणाले. उशीवर फुलांचं भरतकाम होतं. त्यांच्या बायकोचं. ती बाई पुढं लवकर गेली, मुलगा परदेशात स्थायिक झाला, उशी मात्र चिमणीच्या पाठीशी राहिली.

पुढं चिमणीचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि कधी कशाला न भिणारी ही बाई भित्री झाली. मुलगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास लागला की बोट काढायची, दारापर्यंत जायची आणि परत यायची.

"अगं, किती वेळा?" सासूबाई म्हणायच्या. "तुझं बोट बघून पोरगी श्वास घ्यायचं विसरेल एखाद दिवशी."

"बघायला काय जातंय, आई?"

"माझी झोप जाते."

नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो या दोघींच्या मध्ये पडत नसे. दोन समांतर रेषांच्या मध्ये पडलेला माणूस कुठंच पोचत नाही, असं त्याचं म्हणणं.

रजा संपली. मुलगी सात महिन्यांची असताना चिमणी पुन्हा विमानात बसली. तुकडीत कुजबुज होतीच. आई झाल्यावर बायकांचा हात कापतो म्हणे, लक्ष अर्धं घरी असतं म्हणे. मास्तरांनी त्यावर काही भाषण दिलं नाही. आपल्या पुढच्या फेरीच्या कागदावर शेजारी तिचं नाव घातलं, आणि ज्याला जे समजायचं ते समजलं.

त्या फेरीत डोंगरातल्या एका चौकीसाठी औषधं, दूध पावडरीचे डबे आणि एक जनरेटर न्यायचा होता. सामान चढवणाऱ्या आणि मागं त्याच्याबरोबर बसून जाणाऱ्या माणसाला सगळे 'वजनकाटा' म्हणायचे, कारण डोळ्यानं बघून तो पेटीचं वजन सांगायचा, आणि माणसाचंही सांगायचा, विचारलं नाही तरी.

"बाई, बाळंतपणानंतर पाच किलो वाढलंय," तो म्हणाला. "मी मागं तेवढं कमी घेतलंय. काळजी नको."

"तुझ्या जिभेचं वजन कोण करतं रे?"

"ती धरूनच तर विमान जड होतं."

मास्तर हसले. सकाळ स्वच्छ होती. निम्मी वाट उन्हात गेली आणि डोंगर आले तसे ढग आले. मास्तर विमान चालवत होते, ती शेजारच्या खुर्चीत. उतरायची वेळ आली. धावपट्टीवरच्या माणसानं तिथल्या हवेचा दाब रेडिओवरून कळवला. हा दाब दोघांनीही आपापल्या उंचीच्या काट्यावर लावायचा असतो. जुनाच दाब राहिला तर काटा खोटं बोलतो. विमान असतं त्यापेक्षा उंच दाखवतो, आणि ढगात डोंगर दिसत नाही.

तिनं आपला काटा लावला आणि चेकलिस्ट वाचायला घेतली. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं करायचं आणि बोलायचं. तुकडीत हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की सवाल-जवाब गाण्यासारखे चालतात.

"उंचीचा काटा?"

"लावला."

तिनं पुढचं वाचायला तोंड उघडलं आणि सहज डावीकडं बघितलं. मास्तरांचा उजवा हात मांडीवर होता. काट्याच्या चकतीकडे तो गेलाच नव्हता. त्यांचा काटा तिच्या काट्यापेक्षा सातशे फूट वर होता.

"सर, तुमचा काटा."

"लावला," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीचा. शांत, थोडा खर्जातला, ज्या आवाजावर तिनं आंधळेपणानं विमानं उतरवली होती.

विमान खाली चाललं होतं. दोनदा विचारून झालं होतं. आता तिसऱ्यांदा विचारायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिनं विचारलं. कारण शेजारी मास्तर होते. ज्यानं पाठीमागं उशी खोचली, त्या माणसाच्या हातातून विमान काढून घ्यायचं म्हणजे काय, ते वर्गात कोणी शिकवत नाही.

"सर, दाब किती दिलाय?"

"चाकं खाली," मास्तर म्हणाले. "दिवे हिरवे."

तिनं चाकांचं विचारलंच नव्हतं. चाकं अजून पोटातच होती.

"कंट्रोल माझ्याकडे," ती म्हणाली, आणि दांडा हातात घेऊन इंजिनांना पूर्ण ताकद दिली. मास्तरांनी प्रतिकार केला नाही. त्यांचे हात नुसते बाजूला सरले, झोपेत मूल हात सोडतं तसे. विमान वर चढलं. ढगाच्या एका फटीतून उजव्या बाजूला डोंगराचा काळा खडक दिसला आणि झाकला गेला. मास्तर समोर बघत होते. ओठ काही चघळत असल्यासारखे किंचित हलत होते. थोड्या वेळानं ते आणखी एकदा "लावला" म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही.

वर उन्हात आल्यावर त्यांनी मान वळवली.

"आपण वर का आलो?"

तिनं सांगितलं. त्यांनी आपल्या काट्याकडे बघितलं, मग तिच्या. चेहरा उतरला. "थकवा असेल," म्हणाले. त्यानंतर पलीकडच्या मैदानी तळावर उतरेपर्यंत दोघंही कामापुरतं बोलले. विमान तिनंच उतरवलं.

इंजिनं थांबली, वजनकाटा दार उघडून खाली गेला, तेव्हा मास्तर जागचे हलले नाहीत.

"ढग होते," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "परत फिरलो. बरोबर निर्णय. एवढं पुरे होतं का गं चिमणे?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच मागणं. तिला स्वतःचाच राग येत होता, तिसऱ्यांदा विचारण्यात गेलेल्या त्या क्षणांचा. तेवढ्यात विमान डोंगरावर आदळलं असतं, तर घरी नाकाखाली बोट धरायला कोणी उरलं नसतं, असं नव्हे. सासूबाई होत्या, नवरा होता. पण पोरीनं आईला ओळखलं असतं ते फोटोवरून.

"नाही सर," ती म्हणाली. "पुरे होत नाही."

आपल्या तळावर परतल्यावर ती थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. "मागच्या तपासणीत त्यांना मीच प्रश्न विचारले होते," त्या म्हणाल्या. "चक्कर? नाही. विसर? नाही. सगळी उत्तरं बरोबर होती."

तपासण्या झाल्या. मेंदूत जुना एक व्रण निघाला, कधीतरीच्या मारामुळं झालेला. त्यामुळं माणूस काही क्षण हरवतो. पडत नाही, थरथरत नाही. बोलतोसुद्धा, पण जिभेला सवयीचं असेल तेवढंच. गोळ्या नेमानं घेतल्या तर धोका टळतो, न घेतल्या तर झटके वाढत जातात आणि एखादा जीवही घेतो, असं डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना आणि चिमणीला दोघांनाही स्पष्ट सांगितलं. विमान बंद, गाडी बंद. निवृत्ती अलीकडं ओढली गेली.

निरोपाच्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांशी हात मिळवले. तिच्याशीही. हात कोरडा होता.

"गुरूची विद्या गुरूला," मागं कोणीतरी म्हणालं. तिला ऐकू जाईल एवढं मोठ्यानं, आणि कोण म्हणालं ते कळणार नाही एवढं हळू.

वजनकाटा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. "मला कोणी विचारलं नाही," तो म्हणाला, "पण मी त्या दिवशी मागं होतो, दुधाच्या डब्यांवर बसून. संध्याकाळी घरी जेवलो. बायको म्हणाली भाजी खारट झालीय. मला नाही लागली."

घरी नवरा म्हणाला, "तू बरोबर केलंस."

"माहीत आहे. म्हणून दुखायचं थांबतं का?"

त्यानं मुलगी तिच्या मांडीवर ठेवली आणि भांडी घासायला गेला.

मास्तर शहरात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. चिमणीनं स्वतःला एक नेम लावून घेतला. दर रविवारी दुपारी मुलगी झोपली की मास्तरांना फोन करायचा. जाऊन भेटायचा धीर होत नव्हता. ज्याचे पंख आपण कापले, त्याच्या दारात काय म्हणून उभं राहायचं? फोनवर चेहरा दिसत नाही, ते बरंच होतं.

"सर, जेवण झालं?"

"झालं."

"औषधं?"

"घेतो, वेळेवर घेतो."

"झोप?"

"छान लागते."

"काही हवंय?"

"काही नको. विमान सांभाळ."

फोन ठेवला की तिला हलकं वाटायचं. आठवड्याची काळजी मिटली.

सासूबाई बाजूला बसून मुलीचे कपडे घडी घालत असायच्या. एका रविवारी त्यांनी विचारलं, "तू फोन करतेस की हजेरी घेतेस?"

"म्हणजे काय, आई?"

"शाळेत मास्तर नावं घ्यायचे आणि पोरं 'हजर' म्हणायची. त्यातली दोन कुंपणावरून पळालेली असायची, त्यांचं शेजारची पोरं म्हणायची. तुझंही तसंच चाललंय. इथं तर 'हजर' म्हणणारे स्वतः मास्तरच."

"ते ठीक आहेत. सगळं नीट सांगतात."

"पोरीला ताप आला तर तू तिला विचारतेस का?"

"तिला बोलता कुठं येतं?"

"तेच म्हणते मी," सासूबाई झबल्याची बाही नीट करत म्हणाल्या. "तिला बोलता येत नाही म्हणून तू दिवसभर तिच्याकडे बघतेस. बोलता येणाऱ्याकडे कोणी बघत नाही."

चिमणीला ते लागलं. पण लागलेलं सगळंच माणूस लगेच मनावर घेतो असं नाही. कामं होती, फेऱ्या होत्या, मुलीचे दात होते. आणि खरं सांगायचं तर, सवाल-जवाब नीट झाले की काम झालं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. त्या धंद्यातल्या माणसाला बरोबर उत्तर मिळालं की आपोआप पुढच्या ओळीवर जायची सवय लागते. दुसऱ्या कोणाला 'छान' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा संशय आला असता. तिला आला नाही.

मुलगी वर्षाची झाली. एका रविवारी घरात त्या दोघीच होत्या. सासूबाई आणि नवरा नातलगाला बघायला दवाखान्यात गेलेले. मुलगी त्या दुपारी झोपलीच नाही. खुर्ची धरून उभी राहिली, खुर्ची सोडली आणि एकटीनं आईपर्यंत आली. पहिल्यांदाच. चिमणी इतकी हरखली की तिनं त्याच भरात फोन लावला आणि नेहमीचं काही न विचारता म्हणाली, "सर, आमची पोरगी आज चालली. आत्ता, माझ्यासमोर."

"झालं," मास्तर म्हणाले.

ती हसली. त्यांनी ऐकलं नसेल. "सर, पोरगी चालायला लागली."

"घेतो, वेळेवर घेतो."

तिच्या हातातला फोन गार पडल्यासारखा वाटला. आवाज तोच होता. शांत, खर्जातला. मुलगी पायाशी येऊन तिची साडी ओढत होती. दोनदा विचारून झालं होतं.

या वेळी तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मुलीला कडेवर घेतलं, दुधाची बाटली पिशवीत टाकली, कुलूप लावलं. जाताना वजनकाट्याला फोन केला. "मास्तरांकडे ये," एवढंच म्हणाली. त्यानंही "का?" विचारलं नाही. रस्ताभर ती मुलीला घट्ट धरून बसली होती. इतकी की पोर रडायला लागली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार लगेच उघडलं. मास्तर समोर उभे. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत, केस विंचरलेले.

"काय गं चिमणे? आज रस्ता चुकलीस?"

"सर, मी फोनवर काय म्हणाले आत्ता?"

"कधी? आज तुझा फोन यायचाय."

ते हसत होते. तिनं हसणं बघितलं नाही. डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. रुमालाखाली मनगटापर्यंत कातडी लाल, फोड आलेली, एक फुटलेला. ती त्यांना ओलांडून आत गेली. स्वयंपाकघरात किटलीचं बूड जळून काळं झालं होतं आणि शेगडी अजून चालू होती. तिनं ती बंद केली. खोली नीटनेटकी. पलंगावरची चादर अशी ताणलेली की नाणं टाकलं तर उडेल. खिडकीच्या कट्ट्यावर गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचलेली, कोपऱ्याला कोपरा लावून. एकही फोडलेलं नव्हतं.

"हात कधी भाजला?"

"असाच. चहा करताना."

"कधी, सर?"

मास्तर थांबले. आठवायचा प्रयत्न करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते तिनं त्या विमानातही बघितलं होतं. स्वतःच्या काट्याकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा.

"गोळ्या का घेत नाही?"

ते खुर्चीत बसले. "त्या घेतल्या की डोक्यात कापूस भरल्यासारखा होतो. सकाळी विमानाचा आवाज येतो, आणि कुठलं विमान ते मला सांगता येत नाही. मला." थोडं थांबून म्हणाले, "तेवढंच तर उरलंय गं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारायचीस औषधं, मी म्हणायचो घेतो. तुझं समाधान व्हायचं. माझंही."

यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"आधीही व्हायचं का असं? त्या फेरीच्या आधी?"

मास्तर हातावरचा रुमाल नीट करत बसले. "घड्याळातला काही वेळ गायब असायचा," ते शेवटी म्हणाले. "मला वाटायचं वय झालं. मग वाटायचं, वय झालं असंच वाटू दे. माहीत होतं, पण माहीत करून घेतलं नाही. तुम्हा पोरांना वर्गात मोठ्या तोंडानं सांगायचो." मग मान वर करून बघितलं. डोळ्यांत राग होता, इतक्या महिन्यांचा साठलेला. "तू मला संपवलंस, चिमणे. मी चुकलो असेन, पण संपवलंस तूच."

"हो," ती म्हणाली. "माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती."

बाहेर जिन्यावर कोणाची तरी पावलं येऊन पुढच्या मजल्यावर गेली. मुलगी आईच्या कडेवरून वाकून त्या नव्या माणसाकडे टक लावून बघत होती. मग तिनं दोन्ही हात पुढं केले. या वयाची पोरं करतात तसे, कोणाकडेही.

मास्तरांचा चेहरा बदलला. त्यांनीही हात पुढं केले, भाजलेलासुद्धा. "दे की. बघू तरी किती मोठी झाली."

चिमणीनं दिली नाही.

तिला वाटलं होतं, अशा वेळी काहीतरी कारण सुचेल. झोपेला आलीय, अंग तापलंय, अनोळखी माणसाकडे रडते. यातलं एकही खरं नव्हतं. मुलगी पुढं झेपावत होती आणि तिचे हात तिला मागं धरून होते, आणि मास्तर त्या हातांकडे बघत होते.

"नाही सर," ती म्हणाली. "आज नाही देणार."

"मी तिला पाडीन?"

"तुम्ही नाही पाडणार. पण त्या क्षणाला तुम्ही इथं नसाल."

मास्तरांचे हात तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं, गणवेश उतरवून घेतला होता. त्यातलं काहीच त्यांच्या आत पोचलं नव्हतं. हे पोचलं. ते पंजा उघडून त्याकडे बघत बसले. तोंडावर हात घेतला. खांदे हलले नाहीत, आवाज झाला नाही, पण बराच वेळ त्यांनी तो हात काढला नाही. चिमणी मुलीला घेऊन उभी होती. तिला रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं.

"गोळ्या किती दिवस घ्यायच्या?" त्यांनी हाताआडूनच विचारलं.

"कायम."

"पोरगी माझ्याकडे कधी देशील?"

"डॉक्टरीणबाई हो म्हणतील तेव्हा. मी नाही ठरवणार. तुम्हीही नाही."

मास्तर उठले. पाकिटाचा कोपरा फाडताना भाजलेल्या हातानं जमेना. तिनं मदत केली नाही. मुलगी कडेवर होती आणि तिला वाटलं, हे त्यांचं त्यांनीच फाडावं. फाडलं. ग्लासातलं पाणी सदऱ्यावर सांडलं. इस्त्रीचा सदरा भिजला आणि ते त्यांनी पुसलं नाही.

तेवढ्यात वजनकाटा धापा टाकत दारात उभा राहिला. खोली बघितली, किटली बघितली, हात बघितला. "सर, आठ किलो कमी झालेत," तो म्हणाला. "हे काही मला आवडलं नाही."

"बस," मास्तर म्हणाले. "चहा मात्र तू कर."

त्या संध्याकाळी ते दोघं त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. गोळी बदलली, कापसाचं जरा कमी झालं. सगळं काही एका दुपारीत सुरळीत होत नसतं. पुढं कधी मास्तर दार उघडायचे आणि "आज नको" म्हणून मिटून घ्यायचे. कधी चिमणीशी बोलायचे नाहीत, वजनकाट्याशी मुद्दाम बोलायचे. तुकडीतली माणसं आळीपाळीनं जायला लागली. ज्यानं 'गुरूची विद्या' म्हटलं होतं, तोही एकदा येऊन गेला, म्हणे. विमानाचा आवाज आला की मास्तर अजून कान टवकारतात. कुठलं ते कधी सांगता येतं, कधी नाही. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं आणि मुलगी त्यांच्या मांडीवर बसली, तेव्हा ती चांगली धावायला लागली होती. ते जमिनीवर गालिच्यावर बसले होते आणि चिमणी हाताच्या अंतरावर. त्यांनी दिलेली उशी परत मागितली नाही, आणि माफही केलं की नाही, ते बोलले नाहीत.

चिमणी अजून उडते. मुलीच्या नाकाखाली अजून बोट धरते, पोरगी आता ते झटकून टाकते. रविवारचा फोन तिनं बंद केला. त्या वेळात ती जाते.

ही गोष्ट सांगू का, असं मी तिला विचारलं, तेव्हा ती आधी नको म्हणाली. मास्तरांचं नाव नको, गावाचं नको, हे तर झालंच. मग म्हणाली, सांगायचीच असेल तर शेवटी माझा एक निरोप द्या वाचणाऱ्यांना. तो असा. तुमच्या माणसांपैकी एखादा फोनवर नेहमी 'छान' म्हणत असेल. बाप असेल, जुनी शिक्षिका असेल, बाळंतपणानंतर एकटी घरात असलेली मैत्रीण असेल, कामावरून अचानक बंद झालेला शेजारी असेल. त्याला आज फोन करू नका, जाऊन या. काही न्यायला नको, काही शिकवायला नको. त्याचा तुमच्यावर राग असला तरी जा, असला तर जास्तच जा. थोडं बसा. शेगडीकडे, हातांकडे, औषधांकडे नजर टाका. काही वावगं दिसलं तर एकट्यानं सोडू नका, कोणाला तरी बोलावून घ्या. आणि निघताना 'येते परत कधीतरी' असं म्हणू नका. कुठल्या वारी येणार ते सांगा, आणि त्या वारी जा.